विहिणीच्या सहीचं घर

शिलाईचं दुकान
९ जानेवारी

विहीणबाई,

पाकीट बघून दचकू नका. कुणाला काही झालेलं नाही. तुमची सून म्हणजे माझी ठकी, आणि तुमचा लंबू म्हणजे माझा जावई, दोघं सुखरूप आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, एकाच छपराखाली राहता तुम्ही. पत्र तुमच्या चष्म्याच्या दुकानावर पाठवतेय ते मुद्दाम. घरी आलं तर ठकी पाकीट उजेडात धरून वाचेल. लहानपणापासूनची खोड आहे तिची. फोनचंही तेच. तुमच्या फोनमधलं सगळं तीच लावून देते आणि तीच बघते, असं तुम्हीच एकदा म्हणालात.

तर काम असं. माझा तिकडे राहायचा परवाना झाला हे तुम्हाला कळलंच असेल. ठकी धरून चालली आहे की उन्हाळ्यात मी येणार ती तुमच्याच घरी, मागच्या खोलीत. विहीणबाई, स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मला मागच्या खोलीत राहायचं नाही. ह्यांच्या माघारी शाळेचे गणवेश आणि नर्सबायांचे एप्रन शिवत मी एवढी वर्षं काढली, ती स्वतःच्या दाराला स्वतः कडी लावून. आता या वयात चहा करायचा तर साखरेचा डबा कुठला हे विचारायचं, मला नाही जमणार. घर तुमचं, तिथे तुम्ही आहात, त्यात मी. एका म्यानात दोन तलवारी, आणि त्यातली एक माझ्यासारखी धारेची!

दुकान विकतेय. येतील ते पैसे म्हणजे माझं सगळं आलं. त्यात तिकडे दोन खोल्यांचं घर बसेल का बघा. ठकीकडे चालत जाता येईल इतकं जवळ, पण माझ्या कुकरच्या शिट्ट्या तिला ऐकू जाणार नाहीत इतकं लांब. मशीन खिडकीशी मांडता आलं पाहिजे. बाकी काही मागणं नाही.

मी इकडे, घर तिकडे, मग सह्या कोण करणार? वकील म्हणाले, विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र करून द्या, तो तुमच्या जागी उभा राहून सही करील. लेकीला सांगावं तर तीच पहिली आडवी पडेल. मग उरलं कोण? लग्नात आपण दोघी चार वाक्यं बोललो असू, त्यातली दोन 'बसा ना' आणि 'घ्या ना'. पण हॉलवाल्याचा करार तुम्ही चष्मा नाकावर ओढून ओळ न् ओळ वाचला होतात, आणि तो बिचारा उभ्या उभ्या घामाघूम झाला होता. ते माझ्या डोक्यात बसलंय.

व्हाल का माझ्या मुखत्यार?

तुमची कात्रीवाली विहीण


चष्म्याचं दुकान
२४ जानेवारी

मास्तरबाई,

तिकडे तुम्हाला सगळे मास्तर म्हणतात असं सूनबाई सांगते, म्हणून मीही म्हणते. 'विहीणबाई, विहीणबाई' करत बसलो तर नाटकातल्यासारखं वाटेल.

पत्र दुकानात आलं तेव्हा आमचे मालक म्हणाले, "या वयात पत्रं?" म्हटलं, "वय झाल्यावरच येतात, आधी वेळ कुठे असतो?"

राग कसला मानताय? मागची खोली मलाही आवडत नाही, पंख्याचा खडखडाट होतो. आणि तुम्ही मनातलं सरळ लिहिलंत ते मला आवडलं. लग्नात मला वाटलं होतं, या बाई फार शिष्ट आहेत. तुम्हालाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार, नाही म्हणू नका.

घर पाहिलं. एक नाही, सहा पाहिली, आणि सहावं तुमचं आहे. आमच्या मागच्या गल्लीत, पहिला मजला, दोन खोल्या. पोहण्याचे वर्ग घेणाऱ्या एक बाई तिथे राहतात, त्या आता बहिणीकडे जाणार आहेत. जिन्याचा कठडा भक्कम, नळाला पाणी जोराचं, भिंती कोरड्या. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या मागच्या गॅलरीसमोर येते. म्हणजे कुकरची शिट्टी मला ऐकू येईल, ठकीला नाही. तिची खोली रस्त्याच्या बाजूला.

मशीनच्या उजेडाचं म्हणाल तर आमचा डोळे तपासायचा तक्ता मी पर्समध्ये घालून नेला होता. खिडकीसमोरच्या भिंतीवर तो टाचला आणि दुपार कलल्यावर खिडकीत उभी राहून वाचला. सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा वाचता आली. दलाल बघतच राहिला. तुम्हाला तिथे सुईत दोरा ओवायला अजिबात त्रास पडणार नाही.

तेव्हा तुम्ही खुशाल उंटावर बसा, शेळ्या मी हाकते. इथल्या वकिलानं सांगितलंय की मुखत्यारपत्र फक्त याच एका घराच्या खरेदीपुरतं करा, दोन्ही भाषांत, शेजारी शेजारी. त्यावर तुमच्या गावातल्या वकिलातीचा उठावाचा शिक्का हवा, बोटाला लागेल असा दाबून उठवलेला. आणि अस्सल कागद हवा, नक्कल चालत नाही. घर धरून ठेवायला इसार मी दिलाय, त्याचं आल्यावर बघू.

लंबूला आणि सूनबाईला काही बोलले नाही. पोटात गोष्ट ठेवायची मला सवय नाही, पण आता लावून घेते.

तुमची होऊ घातलेली मुखत्यार


शिलाईचं दुकान
१६ फेब्रुवारी

विहीणबाई,

तक्ता टाचून उजेड बघणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. ते वाचून मी एकटीच इतकी हसले की गिऱ्हाईक दारातून परत गेलं. शिष्ट वाटला होतात हे खरं आहे. लिहून टाकते, म्हणजे फिटंफाट.

सोबत मुखत्यारपत्र. वकिलातीत अर्धा दिवस गेला. रांगेत पुढे एक जण लग्नाच्या कागदासाठी आणि मागे एक जण घटस्फोटाच्या कागदासाठी, मध्ये मी घरासाठी. साहेबानं सह्या घेतल्या, छान उठावदार शिक्का मारला, आणि तीन पानं कोपऱ्यात नुसती टाचून हातात दिली. अहो, एवढा महत्त्वाचा कागद आणि एक फडतूस पिन! ती वाटेतच सुटली असती. शिवाय कडा इतक्या वेड्यावाकड्या की माझ्या हाताला खाज सुटली.

म्हणून घरी आल्यावर पिन काढली, तिन्ही पानं एकावर एक बसवली, मापाची टेप लावून कडा सरळ कापल्या आणि डाव्या बाजूनं मशीनवर बारीक टाक्याची दुहेरी शिलाई मारली. दोरा पांढराच वापरला, शोभून दिसतो. आता हा कागद मेला तरी सुटायचा नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात धरा, पान हलणार नाही!

दुकानाचा सौदा झाला. घेणारा मुलगा चांगला आहे, मशीनं ठेवून घेतोय. माझं जुनं तेवढं मी देणार नाही, ते माझ्यासोबत येईल.

करा सही आणि कळवा. घर पाहावं बांधून म्हणतात, मी मात्र विहिणीच्या हातानं घेतेय. लोकांना सांगितलं तर वेड्यात काढतील.

तुमची कात्रीवाली


चष्म्याचं दुकान
३ मार्च

मास्तरबाई,

आधी खुर्चीत बसा. बसलात? मग वाचा.

पाकीट उघडलं तेव्हा मलाही कौतुकच वाटलं. मालकांना दाखवलं, शेजारच्या औषधवाल्याला दाखवलं. "बघा, आमच्या विहीणबाईंची शिलाई!" औषधवाला म्हणाला, असा कागद त्यानं आयुष्यात पाहिला नाही. खरं बोलला. निबंधक कार्यालयातल्या साहेबानंही पाहिला नव्हता.

त्यानं आधी बोट फिरवून बघितलं. मग कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. त्यांनी तिसऱ्याला बोलावलं. मला वाटलं, सगळे शिलाई बघायला येताहेत. मी आपली मान ताठ करून उभी! तेवढ्यात दलालानं कपाळावर हात मारला.

शिक्का कडेला होता, मास्तरबाई. तुमच्या कात्रीनं त्याचा चतकोर उडवला, आणि उरलेल्यातून तुमची दुहेरी शिलाई गेली. शिक्क्याच्या पोटातून सुई गेल्यामुळे साहेबाला त्यात सगळी भोकंच भोकं दिसली. साहेब मोठ्या अदबीनं म्हणाला, "बाई, काम फारच सुरेख आहे. पण याला आता मी कागद म्हणू शकत नाही." त्याचं म्हणणं, पानं उसवून मधलं पान बदललं नाही कशावरून? मी म्हटलं, "अहो, ती बाई शिवते, उसवत नाही." दलालानं त्याचं भाषांतर करायलाच नकार दिला.

आपण दोघी इतक्या शहाण्या की बघायला नको. तुम्ही कापलंत, आणि मी ते मिरवत घेऊन गेले. डोळ्यांच्या दुकानात बसते मी, आणि चतकोर शिक्का गायब आहे हे मला दिसलं नाही!

जीव जळवून घेऊ नका. पोहणाऱ्या बाई तिथेच होत्या, त्या हसून हसून लाल झाल्या. म्हणाल्या, "त्यांना निवांत येऊ दे, मी एप्रिलअखेर थांबते. फक्त आल्यावर मला एक झगा शिवून द्यायला सांगा." दलाल सोडला तर सगळे खूश आहेत.

पुन्हा वकिलातीत जा, नवा कागद करा. आणि हात जोडून सांगते, त्याला पिन असेल तर पिन, नसेल तर नसू दे. कात्री कुलपात घाला.

तुमची बिनकामाची मुखत्यार


शिलाईचं दुकान
२५ मार्च

विहीणबाई,

कानाला खडा. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. मग तुमचं 'ती बाई शिवते, उसवत नाही' आठवलं आणि हसू फुटलं.

वकिलातीत तोच साहेब. हकीकत ऐकून खुर्चीतच मागे रेलला. नवा कागद माझ्या हातात न देता म्हणाला, "बाई, पाकीट मीच बंद करतो." केलंही. त्यामुळे आत काय आहे ते मी पाहिलेलंसुद्धा नाही. कडा वेड्या असतील तर तशाच असू देत, मला सांगू नका.

बाकी तुमचं कसं काय? तब्येत? गुडघे कुरकुरत नाहीत ना? जिने चढवतात ना? दुकानवाले तुम्हाला अजून ठेवून घेणार आहेत ना, की तुम्हीच सोडायचं म्हणताय? उन्हाळ्यात तुमचा कुठे जायचा वगैरे विचार? सहज विचारतेय.

दुकान पुढच्या महिन्यात रिकामं करून द्यायचं आहे. भिंतीवरचा मोठा आरसा काढला तर मागची भिंत नव्यासारखी निघाली, बाकीची सगळी पिवळी. एवढ्या बायका त्या आरशात वळून वळून पाठ बघून गेल्या. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. उलट हलकं वाटलं.

आता सगळं तुमच्या हातात आहे. खरंच सगळं.

तुमची विहीण


चष्म्याचं दुकान
९ एप्रिल

मास्तरबाई,

कागद आला. कडा कशा आहेत ते सांगत नाही. अठ्ठावीस तारीख मिळाली आहे सहीसाठी.

गुडघे ठणठणीत आहेत. दुकानही आहे तिथेच. उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू, आत्तापासून काय?

मी पडद्यांचा विचार करत होते. पोहणाऱ्या बाई पडदे काढून नेणार आहेत. पुढच्या खोलीला फिकट निळा बरा की करडा? निळ्यात खोली मोठी दिसते, पण मळतो लवकर. करडा टिकतो, पण सकाळी उठल्यावर आभाळ आल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघराला अर्धाच लावा, म्हणजे गॅलरीतून एकमेकींशी बोलता येईल. दांड्या लाकडी घ्याव्यात की पितळी? पितळी पुसाव्या लागतात. लाकडी दांड्यांवर कड्या सरकताना आवाज करत नाहीत. मी दोन दुकानं पालथी घातली. नमुन्याचे तुकडे सोबत पाठवतेय, सात आहेत, प्रत्येकाच्या मागे भाव लिहिलाय.

ठकी बरी आहे. कामात असते. लंबूही कामात असतो. दोघंही कामात असतात.

बाकी ठीक.

तुमची


शिलाईचं दुकान
१८ एप्रिल

विहीणबाई,

मी आयुष्यभर कापडात हात घालून बसलेली बाई. पडदे मी झोपेत शिवीन, त्याची काळजी तुम्ही करू नका. पत्र उघडलं तर सगळं पडदेपुराण! आणि शेवटी 'बाकी ठीक'. तुमच्यासारख्या बोलक्या बाईचं 'बाकी ठीक' मला मुळीच ठीक वाटत नाही.

माझ्या सरळ प्रश्नांना तुम्ही वाकडी उत्तरं दिलीत. काय असेल ते लिहा. मी काही मेणाची नाही.

करडा नको.

तुमची विहीण


चष्म्याचं दुकान
२९ एप्रिल

मास्तरबाई,

काल मी सही केली नाही.

कागदात काही खोट नव्हती. साहेबानं तपासला, मान डोलावली, पेन पुढे केलं. दलालानं तर पेढे वाटल्यासारखा चेहरा केला होता. पोहणाऱ्या बाईंनी किल्ली टेबलावर काढून ठेवली होती. साहेबानं त्याच्या भाषेतला मजकूर मोठ्यानं वाचायला घेतला, तसा मी आपल्या भाषेतला मनात वाचायला लागले. आधीही वाचला होता, पण वकिली भाषा आपण वाचतो कुठे, नुसती डोळ्यांखालून घालतो. काल वाचली. 'माझ्या मुखत्यारांनी केलेली सर्व कृत्ये मी स्वतः हजर राहून केल्याप्रमाणे मला मान्य राहतील.' मी स्वतः हजर राहून! म्हणजे त्या खुर्चीत मी नाही, तुम्ही बसला होतात. आणि तुम्हाला जे माहीत नाही ते मला माहीत होतं. मग माझा हातच उचलेना.

तर ऐका. लंबूला आणि ठकीला नोकरीत दुसऱ्या शहरात मोठ्या जागेवर बदली मिळालीय. इथून दिवसभराच्या अंतरावर आहे ते. जूनमध्ये जाणार. मार्चच्या मध्यात त्यांनी मला सांगितलं. तिथे मोठं घर बघितलंय, एक खोली माझ्यासाठी आणि एक तुमच्यासाठी. मी म्हटलं, मी कुठेही जायची नाही. हे घर मी आणि ह्यांनी मिळून घेतलं. माझं दुकान इथे, माझी गल्ली इथे, भाजीवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत मला सगळे ओळखतात. ठकी रोज विनवते, मी रोज नाही म्हणते.

तुम्ही घर घेताय ते लेकीसाठी. लेकच इथे नसेल तर ते घर तुमच्या काय कामाचं? हे मला पहिल्याच दिवशी कळत होतं. त्याच दिवशी तुम्हाला लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. का ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. जानेवारीपासून मला तुमच्या पत्रांची सवय लागली. समोरच्या त्या खिडकीत तुम्ही मशीनवर बसलेल्या मला आत्ताच दिसायला लागल्या होत्या. पोरं गेली तरी ही बाई येईल, असं मी मनाशी धरून बसले. सांगितलं तर तुम्ही मागे फिराल, आणि मग मी आणि माझी गॅलरी. म्हणून पडदे, पडदे आणि पडदे. मास्तरबाई, तुमच्या आयुष्यभराच्या कमाईतून मी माझ्यासाठी सोबत विकत घेणार होते. काल ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

साहेबाला म्हटलं, मला विचारायचंय. त्यानं पंधरा मेची तारीख दिली. पोहणाऱ्या बाई म्हणाल्या, "शिवलेल्या कागदासाठी थांबले, तर तुमच्यासाठीही थांबते." दलाल माझ्याशी बोलत नाही.

आता निर्णय तुमचा. 'नको' म्हणालात तर मी समजून घेईन, इसाराचा विचारही करू नका. तुमच्यासाठी ठकीकडची खोली चांगली आहे, पूर्वेची आहे. जलद टपालानं उत्तर पाठवा.

तुमची विहीण, मुखत्यार म्हणवून घ्यायला लायक नसलेली


शिलाईचं दुकान (रिकामं)
६ मे

अहो वेड्या बाई,

मला माहीत होतं.

दुसऱ्यांदा वकिलातीत जायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी ठकीचा फोन आला. बदलीचं सांगितलं, पूर्वेच्या खोलीचं सांगितलं, आणि रडायला लागली. "आई, सासूबाई यायला तयार नाहीत. एकट्या कशा राहतील गं? तू विहीण आहेस, तुझं ऐकतील, तू समजाव त्यांना." मी म्हटलं, बघते. म्हणजे बघा, तुम्हाला समजावून तिकडे पाठवायचं काम माझ्या लेकीनं माझ्यावर सोपवलं होतं. मुखत्यारपत्रच म्हणा ना! आणि मी त्यातलं काडीचं काम केलं नाही.

त्या संध्याकाळी मशीनसमोर बसून राहिले. विचार केला, लेकीच्या दुसऱ्या घरी गेले तरी साखरेचा डबा विचारावाच लागणार. ती सकाळी जाणार, दिवे लागल्यावर येणार, आणि मी पूर्वेच्या खोलीत भिंतीकडे बघत बसणार. आणि मग तो तक्ता आठवला. मी कधी पाहिलेलं नाही असं घर, आणि त्यात माझ्या सुईसाठी पर्समधून तक्ता नेऊन भिंतीला टाचणारी बाई. माझ्यासाठी एवढं कुणी केलंय? सकाळी उठले, वकिलातीत गेले आणि सही करून आले. लेक तिथे राहणार नाही हे पुरतं ठाऊक असताना केली ती सही. तुम्ही 'मी स्वतः हजर राहून' वाचून थबकलात ना? तर तुमच्या खुर्चीत बसलेल्या मला सगळं ठाऊक होतं.

फक्त एक ठाऊक नव्हतं. तुम्ही राहणार की जाणार. तुम्ही गेलात तर मी कुणाही ओळखीचं नसलेल्या गल्लीत, भाषा न येता, चार भिंती घेऊन बसले असते. म्हणून ते गुडघे, ते दुकान, तो उन्हाळा. सरळ विचारलं असतं तर तुम्ही भिडेखातर माझ्यासाठी थांबला असतात, आणि ते मला नको होतं. तुम्हाला राहायचं असेल तरच मला यायचं होतं. आणि तुम्ही काय लिहिलंत, तर 'उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू'. म्हटलं, चालली ही बाई, आणि पडदे लावून मला तिथे एकटीला बसवणार.

म्हणजे दोघी एकच गोष्ट एकमेकींपासून दडवून दीड महिना झुरत होतो. हुशारीत आपण तोडीस तोड आहोत, यात शंका नाही.

सोबत विकत घेणार होते म्हणता? घ्या की. मी तरी दुसरं काय घेतेय? दोन खोल्या मला कुठेही मिळाल्या असत्या.

ठकीला काल सगळं सांगितलं. आधी भडकली, मग रडली, मग तिनं लंबूला हाक मारली. तो म्हणाला, "दोघी एकमेकींच्या समोर? मग आम्हीच बरे सुटलो." सणसणीत सुनावलीय मी त्याला. महिन्यातून एकदा दोघं येणार आहेत, जेवायला तुमच्याकडे आणि झोपायला माझ्याकडे.

करा सही. आणि निळा पडदा.

तुमचीच विहीण


चष्म्याचं दुकान
१६ मे

मास्तरबाई,

काल सही झाली. घर तुमचं झालं.

तुमचं पत्र मी काउंटरवरच वाचलं. एक गिऱ्हाईक डोळे तपासायला समोर बसलं होतं, आणि रडत होते मी. त्यानं बिचाऱ्यानं मला रुमाल दिला आणि विचारलं, "नंबर वाढलाय का?"

निबंधकाकडे सगळं भराभर झालं, फक्त शेवटी अडलं. कागदात एक रकाना होता, मुखत्याराचं घेणाऱ्याशी नातं. साहेब म्हणाला, "या तुमच्या कोण?" म्हटलं, माझ्या मुलाच्या बायकोची आई. तो म्हणाला, "बरं, पण तुमच्या कोण?" दलालानं दोनदा समजावलं. त्यांच्याकडे या नात्याला नावच नाही हो. म्हणजे कागदावर आपण एकमेकींच्या कुणीच नाही! साहेबानं विचारलं, "मग रकान्यात 'नातं नाही' लिहू?"

मला असा राग आला! म्हटलं, खबरदार. लिहा, 'शेजारीण'.

तो म्हणाला, "पण त्या तर अजून इथे राहत नाहीत."

म्हटलं, "अहो, तेवढ्यासाठीच तर सही करायची आहे. तुम्ही आधी लिहा, मग मी करते."

तो हसला, आणि त्यानं लिहिलं. मग मी तुमच्या जागी बसून, तुमच्या वतीनं, सावकाश, एकेक अक्षर नीट काढत सही केली.

किल्ली माझ्याकडे आहे. संध्याकाळी जाऊन खिडक्या उघडून आले. आता या लवकर, माझ्याच्यानं थांबवत नाही.

तुमची शेजारीण